मधुमेही कोणास म्हणावें?

आपल्या गांवांत मधुमेहाचे रोगी किती आहेत, असा प्रश्न कोणीं केला तर आपण बहुधा बोटांवर मोजून सांगूं. अमुक गुरुजी, तमुक दुकानदार, पलीकडच्या टोलीवरील एक म्हातारी. झाली यादी पुरी. परंतु ही यादी रोग्यांची नव्हे. ज्यांस आपण रोगी आहों हें कळलें आहे, अशांची ती यादी आहे. या दोन याद्यांत जें अंतर आहे तें किती मोठें आहे आणि तें कसें भरून काढतात, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

मी वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. मोजणी, नोंद आणि नोंदींतील चुका यांच्या सहवासांतच माझा जन्म गेला. मधुमेहाविषयीं जे दीर्घकाल चालणारे अभ्यास आहेत त्यांची माहिती वाचूं लागलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, तेथील मोजणाराच्या अडचणी व आमच्या कचेरींतील अडचणी एकाच जातीच्या आहेत. म्हणून हें लिहिण्याचें धाडस करीत आहें.

दीर्घकालीन अभ्यास म्हणजे काय

अशा अभ्यासाची रीत अशी. एखाद्या प्रदेशांतील पांचशें हजार किंवा त्याहून पुष्कळ अधिक माणसें निवडावयाचीं. आरंभींच त्यांचें वजन, उंची, आहार, काम, व्यसनें व घरची स्थिति लिहून ठेवावयाची. आणि मग दर कांहीं वर्षांनीं त्याच माणसांकडे जाऊन पुनः तपासणी करावयाची. कालांतरानें त्यांतील कांहींस मधुमेह होतो, कांहींस होत नाहीं. मग मागचीं पानें उलटून पाहावयाचें कीं, ज्यांस झाला त्यांच्यांत आरंभीं काय निराळें होतें. रोग जडल्यावर मागची हकीकत विचारली तर मनुष्य आठवेल तें व आवडेल तें सांगतो. येथें हकीकत आधीं लिहिलेली असते, रोग मागून येतो. हेंच या पद्धतीचें बळ होय.

आपल्या महाराष्ट्रांतील या जातीचा नामांकित अभ्यास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं चालविलेला आहे. १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांत त्याचा आरंभ झाला. गर्भ राहण्याच्या अगोदरपासून स्त्रियांचीं मापें घेतलीं, गर्भारपणांत आहार व रक्त पाहिलें, आणि पुढें जन्मलेल्या मुलांचा माग ठेवला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचें सुमारें ३.५ किलो. आपलीं अर्भकें लहान खरीं, परंतु त्यांच्या अंगीं स्नायु कमी व चरबी त्या मानानें अधिक, असें आढळलें.

हीं मुलें सहा व बारा वर्षांचीं असतां त्यांची उपाशीपोटींची साखर पाहिली. अठराव्या वर्षीं ग्लुकोज पाजून पुरी परीक्षा केली. तपासलेल्या ६१९ जणांत मुलग्यांपैकीं शेंकडा ३७ व मुलींपैकीं शेंकडा १८ यांची साखर योग्य मर्यादेबाहेर निघाली. बहुतेक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. आणि एकंदर तपासलेल्यांपैकीं शेंकडा ४८ जण तर वजनानें कमीच होते. ज्यांची साखर अठराव्या वर्षीं बिघडलेली दिसली त्यांची सहाव्या व बाराव्या वर्षींहि इतरांहून चढती होती, हें जुन्या नोंदी काढल्यावर कळलें.

आतां विचार करा. अठरा वर्षांच्या सडपातळ मुलास कोणीं विचारलें असतें, "तुला मधुमेह आहे काय?" तर तो हंसला असता. आणि विचारणारानेंहि बिनधोक "नाहीं" असें लिहिलें असतें.

मागील बाकी व चालू मागणी

पहिली दक्षता आरंभींच घ्यावी लागते. वसुलीच्या हिशेबांत मागील बाकी व चालू मागणी यांचीं घरें निराळीं असतात, हें खातेदारांस सांगावयास नको. मागील बाकी चालू मागणींत मिसळली तर यंदाची आकारणी किती तें कधींच कळणार नाहीं. तसेंच येथें आहे. अभ्यास सुरू होतांना ज्यांस मधुमेह आधींच आहे ते मागील बाकीचे. त्यांस शोधून निराळे काढले नाहींत, तर पुढें दहा वर्षांनीं ते सांपडतील आणि नवे रोगी म्हणून लिहिले जातील. मग दहा वर्षांत नवे रोगी किती झाले व कशामुळें झाले, हें दोन्ही चुकेल. म्हणून पहिल्याच दिवशीं सर्वांचें रक्त पाहावें लागतें. जे "मला कांहीं नाहीं" म्हणतात त्यांचेंहि.

विचारून, कागद पाहून, रक्त काढून

रोगी ओळखण्याच्या वाटा तीन. पहिली, विचारणें: तुम्हांस मधुमेह असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें आहे काय? दुसरी, कागद व औषधें पाहणें. तिसरी, रक्त तपासणें.

पहिली वाट स्वस्त आहे, आणि कांहीं ठिकाणीं ती चांगली चालते. अमेरिकेंत १९७६ सालीं परिचारिकांचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्यांतील ज्या परिचारिकांनीं पत्रोत्तरीं आपणांस मधुमेह असल्याचें कळविलें, त्यांपैकीं ६२ जणींचे दवाखान्याचे कागद मागवून पाहिले असतां शेंकडा ९८ उत्तरें खरीं ठरलीं. परंतु त्या परिचारिका होत्या. रोग, औषध व तपासणी हा त्यांचा रोजचा व्यवसाय. शिवाय "होय" म्हणणारीचें "होय" खरें निघालें, म्हणून "नाहीं" म्हणणारीचें "नाहीं" खरें ठरत नाहीं.

माझ्या घरचेंच उदाहरण देतों. माझे थोरले बंधु धानाची शेती करीत. एकदां कांहीं पाहणीवाले घरीं आले व त्यांनीं मधुमेहाविषयीं विचारलें. बंधूंनीं "नाहीं" म्हणून सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. त्यांचें रक्त कधीं कोणीं पाहिलेंच नव्हतें. पुढें तीन वर्षांनीं रोवणीच्या दिवसांत पायास काडी लागून जखम झाली व ती भरेना. तेव्हां साखर पाहिली ती तीनशेंच्या वर. पायाचें एक बोट काढावें लागलें. डॉक्टर म्हणाले, हा रोग आजकालचा नव्हे. त्या पाहणीच्या वहींत मात्र माझे बंधु आजहि निरोगी म्हणूनच लिहिलेले असतील.

अशा एका चुकीनें काय बिघडतें, तें हिशेबानें पाहूं. समजा, एका तालुक्यांत एक हजार नोकरदार व दुकानदार आणि एक हजार अंगमेहनतीचे शेतकरी-मजूर यांचा अभ्यास चालला आहे. पहिल्या हजारांत खरे रोगी १२०, दुसऱ्यांत ६०, म्हणजे दुप्पट. परंतु पहिल्यांस दवाखाना जवळ, म्हणून त्यांतील ९० जणांस आपला रोग ठाऊक आहे. दुसऱ्यांपैकीं अवघ्या २० जणांस ठाऊक आहे. नुसतें विचारून लिहिलें तर ९० आणि २०. म्हणजे साडेचार पट! मग निष्कर्ष निघणार कीं, शेतकऱ्यास या रोगाचें भय जवळ जवळ नाहींच. औषधें, तपासणीचीं यंत्रें, डोळ्यांचे व मूत्रपिंडाचे तज्ज्ञ सर्व शहराकडे जाणार. हे आंकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत; परंतु चूक कोणाच्या पदरीं पडते, तें यांवरून दिसेल.

रक्ताची परीक्षा

उपाशीपोटीं, म्हणजे निदान आठ तास कांहीं न खातां, काढलेल्या रक्ताच्या द्रवांत दर शंभर मिलिलिटरमागें १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर असली तर मधुमेह समजतात. दुसरी परीक्षा अशी कीं, उपाशीपोटींचें रक्त घेतल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजतात व बरोबर दोन तासांनीं पुनः रक्त घेतात. तेव्हां साखर २०० किंवा अधिक भरली तर मधुमेह. १४० ते १९९ असली तर उंबरठा. ज्याचा रोग आधींच ठाऊक आहे त्यास ग्लुकोज पाजीत नाहींत. तिसरी परीक्षा एच-बी-ए-वन-सी नांवाची. तांबड्या पेशींतील रक्तरंजकास किती साखर चिकटली आहे हें तींत मोजतात, आणि त्यावरून सुमारें दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ती शेंकडा ६.५ किंवा अधिक असली तर मधुमेह.

या तिन्ही परीक्षा एकाच माणसांस पकडीत नाहींत. आपल्या देशांत असे पुष्कळ लोक आढळतात कीं, ज्यांची उपाशीपोटींची साखर ठीक असते, परंतु ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनीं चढलेली राहते. फक्त सकाळचें रक्त पाहिलें तर हे सर्व निसटतात. म्हणून ज्यास खरी गणती हवी तो दोन तासांची परीक्षा सोडीत नाहीं, जरी ती वेळखाऊ व त्रासाची असली तरी.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. नळींत काढलेलें रक्त तसेंच ठेवलें तर त्यांतील पेशी साखर खात राहतात. तासागणिक शेंकडा पांच-सात साखर कमी होते, उन्हाळ्यांत अधिकच. सकाळीं खेड्यांत घेतलेलें रक्त दुपारीं तालुक्यास पोंचलें, तर रोगीहि निरोगी दिसेल. दूध उन्हांतून नेलें तर डेअरींत काय होतें तें आपण जाणतों. त्यांतलाच हा प्रकार. म्हणून चांगल्या अभ्यासांत रक्त लागलीच थंड ठेवून त्यांतील द्रव निराळा काढतात. बोटास टोंचून लहान यंत्रावर साखर पाहिली तर ही अडचण येत नाहीं; परंतु जेवणानंतर बोटाच्या रक्तांत शिरेच्या रक्ताहून साखर कांहीशी अधिक असते, म्हणून तेथें मर्यादा निराळी धरावी लागते.

आपल्या जिल्ह्यापुरती विशेष गोष्ट

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्याच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या विकाराचा मधुमेहाच्या मोजणीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याची दहा-वीस दिवसांतच नाश पावते. पेशीस साखर चिकटण्यास अवधीच मिळत नाहीं. मग एच-बी-ए-वन-सी कमी भरते व मधुमेह असूनहि "नाहीं" असा शेरा पडतो. ज्यांच्यांत हा दोष एकाच पालकाकडून आला आहे व प्रकृति एरवीं उत्तम आहे, त्यांच्यांतहि थोडा फरक पडतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या दीर्घकालीन अभ्यासांच्या नोंदींवरून २०१७ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, साखर सारखीच असतां अशा लोकांची एच-बी-ए-वन-सी इतरांहून सुमारें ०.३ नें कमी भरते. उलटपक्षीं लोहाच्या कमतरतेनें रक्तक्षय झाला असेल तर ती वाजवीहून अधिक दिसूं शकते, आणि असा रक्तक्षय आपल्या स्त्रियांत किती आहे तें सर्वांस ठाऊक आहे.

तात्पर्य, जी परीक्षा लंडन-पुण्यास सोईची, तीच एकटी आपल्या जिल्ह्यांत वापरली तर गणती दोन्ही बाजूंनीं चुकेल. येथें साखरेचीच प्रत्यक्ष परीक्षा हवी.

माप बदललें तर

१९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया निराळा झाला. त्याच्या आधींचें व नंतरचें धानाचें क्षेत्र शेजारीं शेजारीं मांडून कोणी म्हणेल कीं, भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांनीं धान सोडलें, तर आपण त्यास वेड्यांत काढूं. शेती आहे तेथेंच आहे. जिल्ह्याची सीमा बदलली. मधुमेहाचेंहि असेंच झालें. पूर्वीं उपाशीपोटींची मर्यादा १४० मिलिग्रॅम होती. १९९७ सालीं अमेरिकेंतील मधुमेह संस्थेनें ती १२६ वर आणली व जागतिक आरोग्य संघटनेनेंहि पुढें तीच स्वीकारली. एच-बी-ए-वन-सी वरून निदान करण्यास तर २०१०-११ च्या सुमारास मान्यता मिळाली. १९९३ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत हीं सर्व स्थित्यंतरें येऊन जातात. म्हणून जाणते अभ्यासक नुसता "होय-नाहीं" असा शेरा ठेवीत नाहींत. मूळ आंकडा जपून ठेवतात, म्हणजे माप बदललें तरी जुन्या सर्व नोंदी नव्या मापानें पुनः लावतां येतात.

रोगाच्या प्रकारांचेंहि तसेंच आहे. लहानपणीं एकाएकीं होणारा व इन्सुलिनवांचून न चालणारा पहिला प्रकार, आणि हळूहळू येणारा दुसरा, हे निराळे लिहावे लागतात. कुपोषणांतून येणारा एक प्रकार १९८५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें यादींत घेतला, १९९९ सालीं काढून टाकला. आणि एप्रिल २०२५ मध्यें आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें बँकॉक येथील परिषदेंत "पांचवा प्रकार" म्हणून त्यास पुनः मान्यता दिली. ज्यांच्या जुन्या नोंदींत वजन, वय व औषध नीट लिहिलेलें आहे, त्यांसच हे रोगी आज ओळखतां येतील.

केव्हां झाला, व कोण निसटला

बांधावरील दगड सरकल्याचें पाहणीच्या दिवशीं कळतें; तो कोणत्या दिवशीं सरकला तें कळत नाहीं. मागील पाहणी व ही पाहणी यांच्या मधें केव्हां तरी, इतकेंच सांगतां येतें. मधुमेहाची तारीखहि अशीच. त्याची पाहणी सहा सहा वर्षांनीं केली तर अंदाज ढोबळ होतो, वरचेवर केली तर नेमका होतो.

आणि जे पाहणीस येतच नाहींत त्यांचें काय? रोवणीच्या दिवसांत पाहणी ठेवली तर घरीं म्हातारीं माणसेंच सांपडतात. तरुण कामासाठीं नागपूर-रायपुरास जातात, मुली लग्न होऊन सासरीं जातात. कोणी मरतो, त्याच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा रोग लिहिलेला असतो, मधुमेहाचें नांवहि नसतें. यांस गाळून जे उरले त्यांवरून हिशेब केला तर तो उरलेल्यांचाच हिशेब होतो.

एका वेळची गणती निराळी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणींत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांत मधुमेह शेंकडा ८.४ व उंबरठ्यावरील शेंकडा १२.८ होते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेले सबंध देशाचे आंकडे शेंकडा ११.४ व १५.३ असे आहेत; म्हणजे सुमारें दहा कोटि रोगी. ही पाहणी घरोघर रक्त तपासून केलेली, म्हणून विश्वसनीय. परंतु ती खानेसुमारी आहे. रोग कोणास, कां व किती वर्षांनीं होतो, हें सांगण्यास त्याच माणसांकडे पुनः पुनः जाणारा अभ्यासच पाहिजे.

आपण काय करावें

शेतकरी बंधु-भगिनींनो, यांत आपलें कर्तव्य लहानसें आहे, पण तें आपल्यावांचून कोणी करूं शकत नाहीं. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील माणसांची यादी घेऊन आली तर तीस परत पाठवूं नये. तपासणीच्या आधीं तीन दिवस नेहमींप्रमाणें भात-भाकर खावी. "साखर कमी दिसावी" म्हणून उपास धरूं नये, त्यानें परीक्षाच फसते. परीक्षेच्या सकाळीं चहा घेऊं नये, आणि दोन तासांच्या अवधींत खर्रा, विडी किंवा बांधीवर एक फेरी, हें कांहीं करूं नये, स्वस्थ बसावें. घरांत सिकलसेल असेल तर तें न लाजतां सांगावें. जखम भरत नसेल, तहान फार लागत असेल, रात्रीं वारंवार उठावें लागत असेल, तर पाहणीची वाट न पाहतां दवाखान्यांत जावें. गर्भार सुनेची साखर अवश्य तपासून घ्यावी, कारण त्यांत पुढच्या पिढीचेंहि हित आहे.

आणि एखाद्या अभ्यासांत आपलें नांव घातलें असेल, काय तपासणार व कशासाठीं तें समजून घेऊन आपण संमति दिली असेल, तर दुसऱ्या व तिसऱ्या खेपेसहि जावें. पहिल्या खेपेस सारेच जातात. अभ्यासाची किंमत पुढील खेपांवर ठरते. माझ्या बंधूंच्या पुढें जो "नाहीं" लिहिला गेला तो कोणाचा लबाडपणा नव्हता. विचारणारानें विचारलें तेवढेंच लिहिलें, सांगणारानें ठाऊक तेवढेंच सांगितलें. रक्ताचा एक थेंब त्या दिवशीं पाहिला असता तर वहीहि खरी झाली असती आणि बोटहि राहिलें असतें.